बार्नाबे नेमकं काय म्हणाला

चौतीस सालच्या जूनमध्ये क्लेलिया गासिलियाने खानावळ काढायचं ठरवलं आणि दारावरचं नाव रंगवायला मला बोलावलं. मी ओनोरे रेबो. नीसच्या जुन्या गावात निम्म्या दुकानांवरची अक्षरं माझ्या हातची आहेत, चांभारापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत. क्लेलिया माझ्या धाकट्या बहिणीची मैत्रीण. तिचा नवरा तीन वर्षांपूर्वी दगडाच्या खाणीतल्या अपघातात गेला. तेव्हापासून घरात ती आणि तिचे सासरे इसिदोरबाबा, दोघंच. ती एका हॉटेलात चादरी धुवायला जायची. हातांची सालं निघायला लागली तशी एक दिवस म्हणाली, "पुरे झाल्या लोकांच्या चादरी. मला एकच गोष्ट धड करता येते, तीच करते."

ती गोष्ट म्हणजे रातातुई. वांगी, झुकिनी, ढोबळी मिरची, टोमॅटो, कांदा, लसूण आणि ऑलिव्हचं तेल हात आखडता न घेता. आमच्याकडे उन्हाळ्यात ती नसलेलं घर सापडायचं नाही. पण क्लेलियाची वेगळी होती. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली माणसं उगाचच उभी राहायची.

"नाव काय लिहू?" मी विचारलं.

"तेच. रातातुई. दुसरं काही नको."

"फ्रेंचमध्ये, की आपल्या बोलीत? तुझी आई तर रातातुया म्हणायची."

ती विचारात पडली. "बाहेरची माणसं बोलीतलं वाचतील का? फ्रेंचमध्येच लिही." मग जरा वेळाने, "पण आई रागावेल रे."

"आई जाऊन दहा वर्षं झाली, क्लेलिया."

"म्हणूनच. आता समजूत तरी कशी काढायची?"

शेवटी फ्रेंचमध्ये ठरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिडी लावली. भिंतीवर खडूने अक्षरं आखून घेतली होती, पण खडूच्या रेषा खालून दिसत नाहीत. खालच्या माणसाला दिसतो तो रंग. हे मी पंचवीस वर्षांच्या धंद्यात एकदाही लक्षात घेतलं नव्हतं, कारण तोवर गरजच पडली नव्हती.

पहिली तीन अक्षरं लाल रंगात भरून झाली आणि खालून आवाज आला. मेनिकाबाई. बाजारात भाजीचा ठेला लावणारी, पन्नाशीची, आवाज असा की समुद्रावरच्या होडीतल्या माणसानेही वळून बघावं.

"ओनोरे! काय रे, क्लेलिया उंदीर विकणार आहे का?"

फ्रेंचमध्ये त्या शब्दाची पहिली तीन अक्षरं घेतली की उंदीर होतो. मी शिडीवरून वाकून बघितलं. खरंच. भिंतीवर हातभर उंचीचा, लालभडक उंदीर.

"अजून पुरं व्हायचंय, बाई!"

"लवकर पुरं कर बाबा. माझी भाजी उंदरांच्या खानावळीत जाते म्हणून कळलं तर माझ्याकडे कोण येईल?"

गल्ली हसली. मी घाईघाईने चौथं अक्षर भरलं. आता झालं 'राता'. बरं वाटलं, निदान उंदीर तरी गेला. ब्रश पुसतोय तोच शिडी हलली. खाली इसिदोरबाबा उभे होते, एका काखेत पाव, दुसऱ्या हाताने शिडीचा पाय धरलेला.

"हे काय लिहिलंस?"

"क्लेलियाने सांगितलं ते."

"राता? माझ्या दारावर राता?"

"पुढे अजून अक्षरं आहेत, बाबा. तुई यायचंय."

"पुढे काय यायचंय ते मला शिकवू नकोस. खाली उतर."

इसिदोरबाबा तसे शांत माणूस. वर लुसेराम गावचे, डोंगरातले. लग्नानंतर शहरात आले. तीस वर्षं इथे राहूनही चालताना पाय असे टाकायचे जणू खाली दरी आहे. त्यांना इतक्या जोरात बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मी उतरलो.

क्लेलिया बाहेर आली. डोळे लाल, कांदा चिरत होती. "काय झालं?"

"पुसून टाकायला सांग याला."

"का पण?"

"मी सांगतो म्हणून."

"बाबा, तुम्ही आठवड्यातून चारदा खाता ती. परवा भांडं पावाने पुसून खाल्लंत."

"खातो. नाव घेतो का?"

हे मात्र खरं होतं. क्लेलियाने मला नंतर सांगितलं. लग्न होऊन ती त्या घरात आली तेव्हा सासूने पहिल्याच दिवशी कानात सांगितलं होतं की ह्या घरात रातातुईला 'उन्हाळ्याची भाजी' म्हणायचं, दुसरा शब्द काढायचा नाही. का, ते सासूलाही माहीत नव्हतं. डोंगरातल्या माणसांच्या काहीतरी तऱ्हा असतात, असं समजून दोघी गप्प राहिल्या. सासू त्यानंतर वारलीसुद्धा.

"चार माणसांना विचारून या," क्लेलिया म्हणाली. "साधा शब्द आहे. त्यात लाजण्यासारखं काय आहे ते मला कळू दे."

"चार कशाला, पलटणीतल्या कुठल्याही माणसाला विचार. राता म्हणजे काय!" एवढं बोलून ते आत गेले आणि दार लावून घेतलं.

मला विचारायची सोय नव्हती. माझा डावा पाय जन्मापासून आखूड, त्यामुळे मी महायुद्धात लढाईवर गेलोच नाही. पलटणीतले शब्द मला कानावरून गेलेले, तोंडात न आलेले. क्लेलियाने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघितलं. चार अक्षरं वाळत होती.

"मी मास्तरांना विचारून येतो," मी म्हणालो. अर्धा बोर्ड सोडून माणूस घरी जाऊ शकत नाही.

फुल्कोनिस मास्तर शाळा सुटल्यावर शब्दकोश घेऊन बसायचे, जसे दुसरे पत्ते घेऊन बसतात. मी सगळं सांगितलं. त्यांना इतका आनंद झाला की मला आल्याचा पस्तावा झाला.

"शेपटापासून सुरू करू," ते म्हणाले. "तुये म्हणजे ढवळणं. घोटणं. हे सगळ्यांना मान्य आहे."

"आणि राता?"

"तिथेच घोळ आहे. कोणी म्हणतं, ढवळण्याचेच दोन शब्द एकमेकांत अडकले आणि हा तिसरा जन्मला. कोणी म्हणतं, आपल्या दक्षिणेकडच्या बोलीतून वर गेला. कोणी म्हणतं, नुसता नाद आहे, अर्थ नाहीच."

"म्हणजे तुम्हाला माहीत नाही."

"म्हणजे कोणालाच माहीत नाही," मास्तर जरा दुखावून म्हणाले आणि त्यांनी जाड पुस्तक माझ्यासमोर उघडलं. "हे बघ, जुन्या कोशात काय दिलंय. गिचका. हलक्या प्रतीचं, बेचव कालवण."

"गिचका? क्लेलियाची?"

"तिची नव्हे रे. शब्दाची गोष्ट चाललीय. शिपायांनी तो तोडून अर्धा केला. राता. पलटणीत मिळतं ते राता."

समासात त्यांच्याच पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं होतं. मी विचारलं. मास्तर म्हणाले, "ते? गल्लीतल्या भाषेत रातातुई म्हणजे मार. त्याने त्याला चांगली रातातुई दिली, म्हणजे बदडलं."

मी टोपी हातात घेऊन बसून राहिलो. एक शब्द रंगवायला गेलो होतो. त्याचा निघाला उंदीर, मग गिचका, मग ढवळणं, आता मार.

"मग पाटीवर काय लिहू?"

"शुद्धलेखन बरोबर आहे ना? झालं तर," मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात मेनिकाबाईंना विचारलं. निदान स्वयंपाक करणाऱ्या बाईला तरी माहीत असेल.

"ढवळणं?" त्यांनी हातातलं वांगं माझ्या छातीवर टेकवलं. "कोण म्हणतं? रातातुई ढवळली की संपली! वांगं वेगळं तळायचं, झुकिनी वेगळी, मिरची वेगळी. शेवटी सगळ्यांना एका भांड्यात हलक्या हाताने ठेवायचं, झोपलेल्या पोराला ठेवतो तसं. ढवळतात ते पलटणीतले आचारी. त्यांना काय, एक पिंप आणि एक फावडं."

"पण मास्तर म्हणतात नावाचा अर्थच ढवळणं आहे."

"मग मास्तरांनी नाव खावं."

मी तिथून निघालो तो आणखीनच गोंधळून. ज्या पदार्थाच्या नावातच ढवळणं आहे तो ढवळायचा नाही. जो गिचका नाही त्याला गिचका म्हणायचं. दुकानात येऊन डब्यातला लाल रंग ढवळत बसलो. बाहेर उन्हाने गल्ली पांढरी झाली होती.

तेवढ्यात इसिदोरबाबा दारात आले. मला वाटलं, पुन्हा ओरडणार. ते टोपी काढून आत आले, रंगाच्या डब्यावर बसले आणि हळूच म्हणाले, "मास्तर काय म्हणाले?"

त्या विचारण्यात राग नव्हता. दवाखान्यात डॉक्टर काय म्हणाले असं विचारतात तसं होतं ते. मी जे ऐकलं होतं ते सगळं सांगितलं. गिचका म्हणालो तेव्हा त्यांनी मान हलवली. मार म्हणालो तेव्हा मान खाली घातली.

"आणि चांगला अर्थ?" त्यांनी विचारलं. "चांगला अर्थ एकही नाही का?"

"इथे, आपल्या गावात, सगळे चांगल्याच अर्थाने म्हणतात की, बाबा. क्लेलियाची आई, माझी आई..."

"तुमच्या गावात. आमच्याकडे वर लुसेरामला तो शब्दच नव्हता. आम्ही भाजीला भाजी म्हणायचो. मी तो पहिल्यांदा ऐकला तो शहरात यायच्या आधी, बराकीत." त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. "बार्नाबे तुमच्या गावचा होता. इथलाच. पण पलटणीतही दोन वर्षं होता. मग सांग, तो कुठल्या अर्थाने म्हणाला असेल?"

"कोण बार्नाबे?"

"इस्नार. मेनिकाचा नवरा."

मला एकदम कळलं की हे गृहस्थ बाजारातून घरी येताना नेहमी चर्चच्या मागून वळसा घालून का येतात. मेनिकाबाईंचा ठेला सरळ वाटेवर आहे.

मग त्यांनी सांगितलं.

सोळा साली ते शाँपान्यच्या आघाडीवर होते. वय झालेलं म्हणून त्यांना तुकडीचा आचारी केलेलं. रोज तेच, बटाटे, सुकं मटण, वाल. एकदा सप्टेंबरात पडक्या घरामागच्या बागेत त्यांना थोडे हिरवे टोमॅटो सापडले, कांदे, दोन भोपळे, कसलीतरी मिरची. तीन आठवडे कोणी हिरवं बघितलं नव्हतं. त्यांनी ते मन लावून शिजवलं. भांडी पाठीवर बांधून पुढच्या खंदकात नेणारी दोन-तीन माणसं असायची, आळीपाळीने. त्यातला एक बार्नाबे. त्या दिवशीची फेरी करून तो रिकामी भांडी घेऊन परत आला, उरलेलं बोटाने चाटलं आणि सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाला, "वा इसिदोर! आज काय रातातुई केलीस!"

"सगळे हसले," इसिदोरबाबा म्हणाले. "आता लोक हसतात ते चांगल्यालाही हसतात. पण मला फक्त हसणं ऐकू आलं. इतकं जपून केलेलं. मी हातातला डाव त्याच्या खांद्यावर हाणला. आणि म्हटलं, आवडलं नाही ना? मग हे उरलेलं डाव्या बाजूच्या तुकडीला देऊन ये. जा."

"आणि तो गेला?"

"गेला. हसतच गेला. खांदा चोळत. तो काही परत आला नाही."

बाहेरून एक गाढव गेलं, त्याच्या गळ्यातली घंटा वाजत राहिली.

"त्याची पाळी नव्हती, ओनोरे. त्याची फेरी झाली होती."

ज्याने खंदक बघितला नाही त्याने अशा वेळी तोंड उघडू नये, एवढं मला कळतं.

"तो शिवी देत होता, असं असेल तर," ते म्हणाले, "तर मी रागावलो हे... माणूस रागावतो. पण त्याला घरची आठवण झाली असेल तर? तो खुश होऊन म्हणाला असेल तर? अठरा वर्षं झाली. मला एवढंच कळायला हवंय की तो काय म्हणाला."

"मेनिकाबाईंना विचारू का?" मी म्हणालो. हे बोलायला नको होतं. पण त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला माघार घेता आली नाही.

मी आडून विचारायचं ठरवलं होतं. आडून विचारणं मला जमत नाही. ठेल्यापाशी जाऊन मी म्हणालो, "बाई, तुमच्या बार्नाबेला रातातुई आवडायची का हो?"

मेनिकाबाई टोमॅटो रचत होत्या. त्यांचा हात थांबला. "अठरा वर्षांत माझ्या नवऱ्याला काय आवडायचं ते कोणी विचारलं नाही. तू का विचारतोस?"

"सहज."

"ओनोरे रेबो, तू सहज विचारणारा माणूस नाहीस. तू बोर्डावर उंदीर काढणारा माणूस आहेस. कोणी पाठवलंय?"

मी दोन मिनिटंही टिकलो नाही. सगळं सांगितलं असं नाही, पण इसिदोरबाबा बार्नाबेबरोबर होते एवढं सांगितलं. त्यांनी ठेल्यावर गोणपाट टाकलं, हात पुसले, घरी गेल्या आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन सरळ क्लेलियाच्या स्वयंपाकघरात शिरल्या. मी मागे मागे.

क्लेलिया वांगी तळत होती. इसिदोरबाबा खिडकीपाशी बसले होते. मेनिकाबाईंना बघून ते उभे राहिले.

"माझ्या नवऱ्याच्या पलटणीतला इसिदोर म्हणजे तू?"

"मीच."

"पत्रात नाव यायचं. पाद्री वाचून दाखवायचे. मला वाटायचं कुठल्यातरी लांबच्या डोंगरातला असेल. आणि तू इथे, माझ्यापासून चार गल्ल्यांवर!"

"बसा ना, बाई," क्लेलिया म्हणाली. तिला काहीच माहीत नव्हतं. तिच्या हातातला झारा तेल गाळत राहिला.

इसिदोरबाबांनी उभ्यानेच सगळं सांगितलं. मला सांगितलं होतं त्याहून थोडक्यात. बाग, भांडी, तो शब्द, डाव. मग विचारलं, "तो कुठल्या अर्थाने म्हणाला असेल? घरी तो कसा म्हणायचा?"

मेनिकाबाईंनी डब्यातून एक पत्र काढून माझ्या हातात दिलं. "ह्यात आहे तो शब्द. मला आठवतं. वाच."

पत्र पेन्सिलीने लिहिलेलं, घड्यांवर पुसलेलं. मी शोधून ती ओळ मोठ्याने वाचली. "इथला आचारी इसिदोर म्हणून आहे, डोंगरातला. रोज त्याची रातातुई. तुला कल्पना येईलच."

"पुढे?" इसिदोरबाबांनी विचारलं.

"पुढे मोजे पाठव असं लिहिलंय."

"बघा," ते म्हणाले. "शिवीच आहे. रोज, म्हणे."

"शिवी कशाने?" मेनिकाबाई म्हणाल्या. "तुला कल्पना येईलच, हे तो मला लिहितोय. मी करायचे तशी, असं म्हणायचंय त्याला."

"म्हणजे तुमची आवडायची त्याला?" क्लेलियाने विचारलं.

मेनिकाबाई बोलायला गेल्या आणि थांबल्या. "वांगं आवडायचं नाही. वांगी काढून ताटाच्या कडेला लावायचा."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं खायचा."

"आवडीने?"

"अगं मला काय माहीत!" त्या एकदम ओरडल्या. "सहा वर्षांचा संसार, त्यातली दोन वर्षं तो तिकडे. उन्हाळे किती आले असतील आमच्या वाट्याला? चार! चार उन्हाळ्यांत माणसाचं काय काय कळतं? कधी म्हणायचा, आज काय रातातुई केलीस, आणि हसायचा. मी पण हसायचे. मी विचारलं का, कुठल्या अर्थाने?"

कढईतलं वांगं जळायला लागलं होतं. क्लेलियाने कढई उतरवली. मी पत्र पुन्हा वाचलं, मनातल्या मनात, आधी रागाने, मग प्रेमाने. दोन्हीकडे चपखल बसत होतं. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा नुसती थट्टा वाटली.

"शब्दाचं सोड," मेनिकाबाई हळू आवाजात म्हणाल्या. त्यांचा हळू आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "पाळी कोणाची होती?"

इसिदोरबाबांनी इतका वेळ तेवढंच सांगितलं नव्हतं.

"त्याची नव्हती," ते म्हणाले.

मेनिकाबाईंनी माझ्या हातून पत्र घेतलं, घडी केली, डब्यात ठेवलं, झाकण दाबलं. ते नीट बसेना म्हणून पुन्हा दाबलं. आणि निघून गेल्या.

खानावळ जुलैत सुरू झाली, दारावर 'राता' एवढंच घेऊन. मला कोणी पुढचं लिहायला सांगेना आणि असलेलं पुसायलाही सांगेना. लोकांचा भलताच समज झाला. लढाईवरून आलेली माणसं पाटी बघून पोट धरून हसायची. "पैसे देऊन राता खायचं? बघू तरी!" म्हणून आत शिरायची आणि बाहेर येताना गोंधळलेली असायची, कारण क्लेलियाच्या हातचं खाऊन पलटणीची आठवण येणं शक्यच नव्हतं. एक आरमाराचा म्हातारा तर तक्रार करून गेला की हे राता नाही, फसवणूक आहे. दुसऱ्या दिवशी तो चार मित्र घेऊन परत आला.

मेनिकाबाई भाजी पाठवत होत्या. चांगलीच पाठवत होत्या. क्लेलियाशी नेहमीसारखं बोलायच्या. इसिदोरबाबा मात्र आता वळसा न घालता त्यांच्या ठेल्यासमोरून जायचे, टोपी काढायचे, आणि त्या टोमॅटो रचत राहायच्या. असं रोज. मी क्लेलियाला म्हणालो, "जाऊ नका म्हणून सांग ना त्यांना."

"सांगितलं. म्हणाले, वळसा घालायला आता कारण उरलं नाही."

"म्हणजे काय?"

"मला कुठे कळतंय? मी फक्त भाजी करते."

सप्टेंबरात एक दिवस इसिदोरबाबा स्वतः माझी शिडी वाहून घेऊन गेले. "पुरं कर," म्हणाले.

"नक्की? पूर्ण शब्द?"

"अर्ध्याचा त्रास जास्त होतो. अर्ध्याचा तर एकच अर्थ आहे."

मी राहिलेली अक्षरं भरली. लाल रंगाचा डबा नवा होता, त्यामुळे पुढची अक्षरं मागच्यांपेक्षा गडद आली. आजही नीट बघितलं तर दिसतं. त्यांनी खाली उभं राहून सगळं वाचलं, ओठ हलवत, आणि आत जाऊन क्लेलियाला म्हणाले, "कांदे दे, चिरतो." त्या दिवसापासून ते स्वयंपाकघरात बसायला लागले. भांड्याला मात्र हात लावायचे नाहीत. फक्त चिरायचे.

मेनिकाबाई आल्या नोव्हेंबरात, सर्व मृतांच्या दिवसानंतर, गाव आपापल्या कबरींवर फुलं ठेवून आल्यावर. दुपारची गर्दी ओसरली होती, मी कोपऱ्यात कॉफी घेत होतो. त्या उभ्याच राहिल्या, काळा रुमाल डोक्यावर.

"इसिदोर," त्या म्हणाल्या, "तिकडे कबरस्तान आहे म्हणतात. मला कागद आला होता, कबरीचा नंबर घातलेला. आगगाडी कुठे बदलायची मला माहीत नाही. मला वाचता येत नाही."

इसिदोरबाबांनी सुरी खाली ठेवली. "दोनदा बदलावी लागते."

"मी तुला माफ केलं असं समजू नकोस."

"नाही समजत."

"मग ठीक आहे. मंगळवारी."

मी त्यांना स्टेशनवर सोडायला गेलो, कारण क्लेलियाला खानावळ सोडता येईना. मेनिकाबाईंकडे एक टोपली होती, पाव आणि बाटली, आणि फडक्यात बांधलेलं एक भांडं. भांड्यात काय आहे ते मी विचारलं नाही. आडून विचारायची हौस माझी फिटली होती. दोघं एका डब्यात चढले, समोरासमोर बसले आणि दोघांनीही खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. गाडी सुटेपर्यंत मी हात हलवत उभा होतो. माझ्याकडे कोणीच बघत नव्हतं, त्यामुळे मी नक्की कोणाला हात हलवतोय ते मलाही कळेना.

सहा दिवसांनी परत आले. कबर सापडली का, तिथे काय बोललात, आता दोघांचं कसं आहे, यातलं काहीही दोघांनी सांगितलं नाही. क्लेलियाने आडून विचारलं, समोरून विचारलं, एकदा रडूनही विचारलं. इसिदोरबाबा म्हणाले, "पाऊस होता." मेनिकाबाईंना मी शनिवारी बाजारात गाठलं. त्यांच्या ठेल्यावर मातकट, लांबट बटाट्यांचा एक ढीग होता. तसले आमच्याकडे होत नाहीत.

"तिकडचे," त्या म्हणाल्या. "अर्धी गोणी आणली. इसिदोरने उचलली. घेऊन जा किलोभर, चांगले उकडतात."